उघडी मनगटं

दुपारी जेवण झालं की मला अजूनही डुलकी लागते, आणि त्या डुलकीत मी हमखास डाव्या कोपऱ्यात उभी असते. मैदान कधी पवनारच्या शाळेचं असतं, कधी वर्ध्यातलं, कधी कुठलंच नसतं. नुसती पांढऱ्या फक्कीची रेघ आणि रेघेपलीकडे धुरकट ऊन. समोरून एक पोरगी कबड्डी कबड्डी म्हणत येते. तिचा चेहरा मला दिसत नाही, कारण जागेपणीही मी कधी चेहऱ्याकडे बघत नसे. मी घोटे बघायची. ती इकडे वळते, तिकडे झुकते, आणि मी वाट बघत राहते. स्वप्नात ती मला सापडत नाही आणि त्याचं मला काही वाटतही नाही. जाग येते तेव्हा डोक्यावर पंखा फिरत असतो.

कबड्डी बघणाऱ्यांचं सगळं लक्ष चढाई करणारीकडे. ती एकटी पलीकडे जाते, शिवून येते, टाळ्या घेते. आम्ही सात जणी आपल्या अंगणात तिची वाट बघत उभ्या. त्यातही कोपऱ्यावरची सगळ्यांत मागे, रेघेला टेकून. तिनं आत यावं, खोल यावं, परतणं अवघड होईल इतकं यावं म्हणून मी अंग चोरून उभी राहायची. मग तिचा एक पाय लांबला की झेप, दोन्ही हात घोट्यावर, आणि तिचा दम तुटेपर्यंत सोडायचं नाही. माझी सगळी कारकीर्द एवढीच. ‘‘तू काय करतेस मैदानात?’’ असं एका मावशीनं मला विचारलं होतं, आणि ‘‘जाणाऱ्याला जाऊ देत नाही’’ असं मी सांगितल्यावर तिनं बिचारीनं विषय बदलला.

सुरुवात पवनारची. घरी कापूस-तुरीची शेती, आणि शाळेत एक सर होते ज्यांना मुलींचा संघ काढायचं वेड लागलं होतं. उन्हाळ्यात धाम नदी आटली की ते आम्हाला पात्रातल्या वाळूत खेळवायचे. पडलं तरी लागत नाही, आणि वाळूत पाय उचलायला जोर लागतो, हे त्यांचं गणित. मायनं मला खेळायची चड्डी शिवून दिली ती गुडघ्याच्या खाली चार बोटं आली. ती बघून सरांनी कपाळाला हात लावला. तरी गावात बोलणारे बोललेच की पोरी हाफपँट घालून मातीत लोळतात. माय त्यांना म्हणायची, शेतात निंदणात दिवसभर मातीतच असतात ना पोरी, तेव्हा कोणी पाहायला येत नाही. माझा स्वभाव तिच्यावर गेला आहे असं सगळे म्हणतात आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत.

वाळूतल्या त्या संध्याकाळी मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. पाण्याची एक बारीक धार उरलेली, म्हशी, आणि वाळूतून अजून वर येणारी दिवसभराची ऊब. पोट वाळूला टेकवून मी पडून राहायची आणि सर ओरडायचे, झोपलीस का ग. खरं म्हणजे अर्धवट झोपलेलीच असायची. कोपऱ्यावर उभं राहणं मला नेहमी झोपेसारखंच वाटलं. बाकी सगळं लांब जातं, एक श्वास तेवढा ऐकू येतो, तोही दुसरीचा.

आणीबाणीच्या आगेमागे एका सरकारी खात्यानं मुलींचा संघ काढायचं ठरवलं आणि आम्हा काही जणींना वर्ध्याच्या कचेरीत घेतलं. सकाळ-संध्याकाळ मैदान, मधल्या वेळात टेबल. टेबलावर काय करायचं हे कोणी फारसं सांगितलं नाही. साहेब एवढंच म्हणाले की जोवर खेळाल तोवर टेबल तुमचं. मला ते फार न्याय्य वाटलं होतं. तेव्हा मी विशीत होते आणि खेळ कधी संपतो ही कल्पनाच नव्हती.

तिथे मला माझी जोडीदारीण मिळाली. कोपऱ्यावरची आणि तिच्या शेजारची एकमेकींचा हात धरून उभ्या राहतात, त्याला साखळी म्हणतात. ती कारंज्याकडच्या जंगलाजवळच्या गोंड घरातली. घरी गोंडी बोलायची, आमच्याशी वऱ्हाडी आणि साहेबांशी हिंदी. मैदानात मात्र बोलायचीच नाही. तळहात सैल केला की थांब, आवळला की नीघ. कितीतरी हंगाम तिचा घामेजलेला हात माझ्या हातात होता, आणि आता तिचा चेहरा आठवायला मला कष्ट पडतात, पण तो हात मी हजारात ओळखीन.

मग लग्न झालं. नवरा बस चालवायचा, वर्धा-आर्वीच्या रस्त्यावर. त्यानं मला आधी मैदानात पाहिलं आणि मग मागणी घातली, त्यामुळे त्याच्या बाजूनं काही प्रश्न नव्हता. वर्ध्याला लागूनच पिपरी मेघ्याला घर. तेव्हा तिथे वस्ती कमी आणि शेतं जास्त. अंगणात उभं राहिलं की थेट कपाशीची पऱ्हाटी दिसायची. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, पांढऱ्या लुगड्यातल्या. माझ्या हातात कोपराच्या जवळपास पोचणारा हिरवा चुडा आणि त्यांचे दोन्ही हात मोकळे.

पंधरा दिवसांनी सरावाला जायला निघाले तेव्हा मी सहज चुडा उतरवायला लागले. नियमच तसा आहे. नखं कापायची, अंगाला तेल नको, काच नको, धातू नको. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. खेळायला ना नाही म्हणाल्या. हाफपँटलाही ना नाही. पण हात उघडे नकोत.

मी तडकले. हरलेल्या गड्याला लोक म्हणतात, बांगड्या भर. आणि मी जिंकायला निघाले तर मला म्हणतात, बांगड्या भरूनच राहा. हे मी बोलूनही दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चूल फुंकायला गेल्या. नंतर नवऱ्यानं मला बाजूला बसवून सांगितलं ते त्यांनी स्वतः मला कधीच सांगितलं नसतं.

तो लहान होता तेव्हाची गोष्ट. ते रोहण्याला राहत. पोळ्याच्या आधी कासार दारात आला होता. सासूबाईंनी जुन्या बांगड्या उतरवल्या. सवाष्णीचा हात क्षणभरही रिता ठेवत नाहीत, म्हणून बांगड्या उतरवल्या की नव्या भरेपर्यंत मनगटाला हळदीचा दोरा बांधायची आमच्याकडे रीत आहे. त्या दिवशी त्यांनी बांधला नाही. कासार समोरच बसलाय, लगेच भरायच्या आहेत, म्हणून राहून गेलं. रंग कोणता घ्यावा यात वेळ गेला, आणि तेवढ्यात शेतातून माणसं धावत आली. सासऱ्यांना धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी, साप चावला होता. कासारानं पेटी बंद केली आणि उठून गेला. त्यानंतर त्या हातात बांगडी चढलीच नाही.

आता त्यांचा एकुलता एक मुलगा रोज बस घेऊन वळणावळणाच्या रस्त्यानं जात होता, आणि त्याची बायको हात उघडे करून संध्याकाळभर मातीत लोळायला निघाली होती. मला खेळायचं होतं. माझं टेबलही खेळावरच होतं. त्यांना मुलगा जिवंत हवा होता. दोन्हींच्या मध्ये माझी दोन मनगटं होती. हे कळल्यावर मला चिडताही येईना, आणि मला चिडता आलं नाही की मी आजारी पडते.

तोडगा निघाला तो दोऱ्याचाच. सरावात मी बांगड्यांवर फडकं गुंडाळून भागवायची; पण प्रत्येक सामन्याच्या दिवशी शेजारची काकू यायची, माझ्या बांगड्या उतरवायची आणि दोन्ही मनगटांना हळदीत बुडवलेलं सूत बांधायची. सासूबाई स्वैपाकघराच्या चौकटीतून बघत राहायच्या. काकूला सांगायच्या, घट्ट बांध, तिथं नोको, जरा वर. पण सूत हातात घ्यायच्या नाहीत. विधवेच्या हातचा दोरा सवाष्णीला चालत नाही, हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं. शिवाय सामन्याच्या दिवशी मुलानं बस चालवायची नाही अशी त्यांची अट. नवरा म्हणायचा, आज सुट्टीच आहे माय, आणि पायजमा घालून बाहेर पडायचा. खाकी कपडे डेपोत ठेवलेले असायचे. आर्वीची एक फेरी मारून तो मैदानावर माझ्या आधी हजर. आम्ही दोघं मिळून एका म्हातारीला फसवत होतो आणि तिच्या जिवाला त्यानं बरं वाटत होतं, तर काय बिघडलं?

तो दोरा घेऊन मी जी काही वर्षं खेळले ती माझी सगळ्यांत चांगली वर्षं. नागपूर, अमरावती, अकोला. पॅसेंजर गाड्या, धर्मशाळांचे थंड फरसबंद ओटे, रेल्वेच्या खिडकीतून तासन् तास पळणारी पऱ्हाटी. घामानं हळद विरघळायची आणि मी धरलेल्या पोरींच्या घोट्यांवर पिवळे डाग उमटायचे. कोणी हसायचं, कोणी चिडायचं. आमच्या भागातले पंच मनगटाकडे बघायचे आणि मग आभाळाकडे बघायचे. सूतच ते. त्यानं कोणाला ओरखडा येणार होता?

मग वर्ध्यातच खात्यांच्या स्पर्धेचा शेवटचा सामना आला. मैदान घरापासून चालत जाण्याएवढं. त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, मीही येऊन पाहतो. त्यांनी तोवर एकही खेळ पाहिला नव्हता. काकूसोबत येऊन त्या बायकांच्या बाजूला सतरंजीच्या कडेवर बसल्या. थंडीचे दिवस होते, ऊन कोवळं होतं, मैदानावर पाणी मारलेलं. त्या ओल्या मातीचा वास मला आत्ता लिहिताना येतोय.

पंच बाहेरगावचे होते. त्यांनी रांगेत सगळ्यांची नखं पाहिली आणि माझ्यापाशी थांबले. म्हणाले, मनगटावर काही चालणार नाही, काढा. मी सांगून पाहिलं. आमच्या खात्याच्या संघाच्या सरांनी सांगून पाहिलं. पंच उद्धट नव्हते, उलट फार सभ्यपणे म्हणत होते की नियम आहे ताई. कोणीतरी ब्लेड आणून माझ्या हातात दिलं.

मला वाटायचं की माझा या सगळ्यावर विश्वास नाही. दोरा मी सासूबाईंसाठी बांधत होते, आपल्याला काय त्याचं? पण ब्लेड हातात घेतलं आणि मला डोळ्यांपुढे डेपोतून बाहेर वळणारी बस दिसली. नवरा अजून मैदानावर पोचला नव्हता. नेहमी माझ्या आधी येणारा माणूस. माझी बोटं हलेनात. मी सरांना म्हटलं, बदली खेळवा, मी बसते. जोडीदारणीनं माझा हात धरला आणि आवळला. नीघ. मी मान हलवली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कुजबूज उठली. सासूबाई फक्कीची रेघ ओलांडून आत येत होत्या. चपला त्यांनी बाहेर काढून ठेवल्या होत्या, देवळात काढतात तशा. माझ्यापाशी आल्या, माझा डावा हात उचलला आणि दातांनी दोरा तोडला. मग उजवा. मग साऱ्या मैदानासमोर ते दोन्ही पिवळे दोरे त्यांनी स्वतःच्या मनगटाला गुंडाळले आणि एका हातानं न जमणारी गाठ दात लावून मारली.

‘‘मी राखतो हे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू जाय. धर तिले.’’

 काकूनं पदर तोंडाला लावला. सासूबाई परत गेल्या आणि होत्या तिथेच बसल्या, हात मांडीवर, सगळ्यांना दिसेल असा.

त्यानंतरचा खेळ मला पाण्याखालून पाहिल्यासारखा आठवतो. माणसांचा आवाज नाही. हातात जोडीदारणीचा हात. एक उंच पोरगी आली, तिचे पाय लांब, सावकाश टाकणारी. ती आत आली, आणखी आत आली. माझ्या तळहातातला हात आवळला गेला. मी झेपावले आणि तिचा घोटा माझ्या हातात आला, अगदी पक्का. ती मध्यरेषेकडे पडली, मी तिच्यासोबत ओढली गेले, आणि माझ्या गुडघ्यात वाळली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. दुखलं नाही. तिचा दम मला ऐकू येत होता, बारीक होत होत तो तुटला, आणि मग मी सोडलं. उठायला गेले तर पाय माझा नव्हताच.

नवरा तेव्हाच पोचला होता. रस्त्यात टायर पंक्चर झालं म्हणून उशीर, एवढंच. त्यानं आणि सरांनी मला उचललं. सामना आम्ही हरलो हे मला दुसऱ्या दिवशी इस्पितळात कळलं. डॉक्टर म्हणाले, चालाल, संसार कराल, खेळायचं विसरा. मी भिंतीकडे तोंड करून रडले. जोडीदारीण येऊन बसली आणि हात धरून राहिली. खात्यानं पुढे मला टेबलावरून उठवलं नाही. साहेब बदलून गेले होते आणि नव्यांना ती अट माहीतच नव्हती. तिथूनच मी निवृत्त झाले.

पण तेव्हा माझ्या रडण्याहून मोठं काहीतरी घरात घडत होतं. सासूबाई इस्पितळात दारापर्यंत आल्या आणि तिथूनच परत फिरल्या. मी प्लास्टर घालून घरी आले तर त्या माझ्या खोलीत येईनात. माझं ताट काकू आणायची. पाणी काकू द्यायची. दोरे त्यांनी त्याच दिवशी तोडून विहिरीत टाकले होते. मी नवऱ्याला विचारलं, त्या माझ्यावर रागावल्या का? तो म्हणाला, ती म्हणते माझ्या हातानं झालं. रांडमुंड बाईनं सवाष्णीच्या दोऱ्याले हात लावला, ते पोरीच्या पायावर आलं.

हे ऐकून मला जो राग आला तो मला आजही बरा वाटतो. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कोणी एवढं केलं नव्हतं. साऱ्या गावासमोर ती बाई आपली भीती ओलांडून आत आली, आणि माझ्या एका फालतू गुडघ्यानं तिला पुन्हा चौकटीबाहेर ढकललं. गुडघे काय, पुरुषांचेही जातात. माझे हात अजून उघडेच होते. काकू बांगड्या भरायला आली की मी नंतर म्हणायची.

एका दुपारी मी कासारणीला बोलावणं धाडलं. माझी बाज ओसरीवर टाकलेली होती. तिनं पेटी उघडली, मी हिरव्या काचेच्या साध्या बांगड्या निवडल्या आणि तिला म्हटलं, तू भरू नकोस, आमच्या आई भरतील.  काकू म्हणाली, असं नसते वं करत. सासूबाई सुपात तूर पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि तोंड फिरवून घरात निघाल्या. वाट माझ्या बाजेजवळूनच होती.

बाज बुटकी. त्यांचा घोटा माझ्या डोळ्यांसमोरून गेला, आणि मी काही ठरवायच्या आत माझ्या हातांनी तो धरला. त्या थांबल्या. पाय हलवून पाहिला. माझं अर्धं अंग बाजेवरून लोंबत होतं, प्लास्टरचा पाय वर, आणि दोन्ही हात त्यांच्या पायाला.

‘‘सोड वं,’’ त्या म्हणाल्या.  ‘‘माया हात चांगला नाई, पोरी.’’

‘‘त्याच हातानं भरा,’’ मी म्हटलं. ‘‘नाही तर जन्मभर हे असेच राहतील.’’

त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मोठा, भरभर, मग तुटक. किती वेळ गेला ते माहीत नाही. मला घाई नव्हती. शेवटी त्या तिथेच, बाजेपाशी, फरशीवर बसल्या. तेव्हा मी सोडलं.

कासारणीनं बांगड्या त्यांच्यापुढे सरकवल्या. सासूबाईंनी माझा हात घेतला, अंगठ्याची पेरं आत दाबली, पंजा निमुळता केला आणि बांगडी चढवली. इतक्या वर्षांत हात विसरले नव्हते. एक बांगडी चढताना तडकून वाढली आणि त्या दचकल्या. मी दुसरी पुढे केली. त्यांनी ती भरली. उरलेल्याही भरल्या. काकू तोपर्यंत बसून राहिली होती, तिला मी चहा टाकायला सांगितलं.

संध्याकाळी नवरा आर्वीहून आला. हातपाय धुतले आणि ओसरीवरच जेवायला बसला. सासूबाईंनी वाढलं आणि समोर बसल्या. तो वरणात भाकर चुरत होता, खात होता, पाणी पीत होता, आणि त्या त्याच्या तोंडाकडे, हाताकडे, घशाखाली जाणाऱ्या प्रत्येक घासाकडे टक लावून बघत होत्या. मी बाजेवरून त्यांना बघत होते. शेवटी त्याच्या लक्षात आलं.

‘‘काऊन पाहून राह्यली, माय?’’

‘‘काई नाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जेव तू.’’

आणि न विचारता आणखी एक भाकर त्याच्या ताटात टाकली.